उजवा कौल

आमच्या वाडीत बर्फ कशाला लागतो असं विचारलंत तर कोणीही सांगेल, माशांवर घालायला आणि लग्नात कोकम सरबतात टाकायला. त्याच वाडीत यंदाच्या मे महिन्यात जो तो बर्फावरच्या हॉकीचा जाणकार झाला होता. अंगणात काजूच्या बिया फोडणाऱ्या बायका पेनल्टीत किती वेळ बाहेर बसवतात यावर हुज्जत घालत होत्या. मुंबईहून सुट्टीला आलेले चाकरमानी तर विचारूच नका. ज्यांनी फ्रीजच्या बाहेर बर्फ पाहिला नाही, ते ओटीवर पाय पसरून भारताचा बचाव कुठे कच्चा आहे ते सांगत होते. उंटावरून शेळ्या हाकण्यात आमच्या वाडीचा हात कोणी धरणार नाही.

याला कारण माझी लेक. मनस्वी, घरातली मनू. भारताच्या मुलींच्या आईस हॉकी संघाची ती गोलकीपर. संघातल्या बाकी मुली लडाखच्या नाही तर हिमाचलच्या, चालायला लागल्यापासून बर्फावर घसरणाऱ्या. समुद्राकाठची ही एकटी. हिच्या बापाने, म्हणजे सखारामने, मुंबईची कंपनी बंद पडल्यावर रत्नागिरीत रिक्षा घेतली आणि शाळेतून परत आणताना मनूला चाकांच्या बुटांच्या क्लासला घातलं. मी म्हटलं होतं, गुडघे फुटतील. फुटलेच. पण चाकांवरून ती बर्फावर गेली, शिबिरांना गेली, निवडली गेली आणि आता आखातात आशियातली स्पर्धा खेळत होती. गाव देव पाण्यात घालून बसलं होतं.

मीही बसले होते. फक्त माझा नवस दुसरा होता, आणि तो मला कोणाला सांगता येत नव्हता.

झालं असं. संघ निघायच्या आधी मनू घरी येऊन गेली. पहिल्याच सकाळी ती परसात, हळदीच्या वाफ्यापाशी वाकून ओकत होती. मी म्हटलं, प्रवासाचं पित्त असेल, सोलकढी घे. दुपारी बघते तर पोरगी खोलीची खिडकी लावून अंधारात पडलेली. मे महिन्यात, कौलं तापलेली असताना. उजेड नको म्हणाली. रात्री जेवताना तिने भातावर दोनदा मीठ घेतलं आणि तो खारट भात गुमान खाल्ला. ही तीच मुलगी, जी आमटीत चिमूटभर मीठ जास्त पडलं तर ताट सारायची.

मी तिला बाजूला घेऊन खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. शिबिरात सराव करताना दोघीजणी येऊन अंगावर आदळल्या, हिचं डोकं मागे लोखंडी खांबाला लागलं. हेल्मेट होतं म्हणून फुटलं नाही. थोडा वेळ कुठे आहोत तेच कळेना. पण ती उठली, हसली, मास्कची जाळी नीट केली आणि पुन्हा उभी राहिली, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

"डॉक्टरांस दाखवलंस?"

"दाखवलं की बसवतात, आई. डोक्याचं असलं की विचारतच नाहीत, सरळ बसवतात."

"मग बस की."

"आणि गोलात कोण? रिगझिन? सतरा वर्षांची आहे ती. अजून मला ताई ताई करत मागे फिरते." मग ती माझ्याजवळ आली, माझा हात धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. "शपथ घे. कोणाला सांगणार नाहीस. बाबांना पण नाही."

मी हात ओढला. तिने घट्ट धरून ठेवला. गोलकीपरचे हात आहेत ते. म्हणाली, इतकी वर्षं फक्त याच्यासाठी काढली, पुढच्या वर्षी संघाला पैसे मिळतील की नाही तेही ठाऊक नाही, ही स्पर्धा गेली तर गेलीच. आणि रडली. मनू रडत नाही हो कधी. मी घेतली शपथ. आपल्यात मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की ती कोणाला बाधते हे काय वेगळं सांगायला हवं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, टेंगूळ ते टेंगूळ. मला माझा भाऊ बाबल्या दिसत होता. आंबे उतरवताना झाडावरून पडला. उठला, कपडे झटकले, चालत घरी आला, चहा प्यायला. डोकं दुखतंय म्हणाला आणि दोन दिवस उजेडाला तोंड चुकवून पडून राहिला. मग बरं वाटतंय म्हणून उठला आणि न्हाणीच्या पायरीवर घसरला. एवढीशी पायरी, तान्हं मूलही पडलं तर रडून गप्प होईल. बाबल्या तिथून उठला नाही. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं, पहिल्या माराने मेंदू नाजूक झालेला असतो, दुसरा मार छोटा असला तरी पुरतो. मनू तर अशा जागी उभी राहणार होती जिथे दगडासारखी रबराची चकती तिच्याच दिशेने मारायची म्हणून मारतात.

स्पर्धा सुरू झाली. समाजमंदिरात ऋत्विकने, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांच्या मुलाने, टीव्हीला मोबाईल जोडून दिला. हा मुंबईत कॉम्प्युटरवर कसलेसे अंदाज बांधायचं काम करतो. त्याने भारताचे अंदाजही बांधले. पहिली मॅच हरलो, तेव्हा पदकाची शक्यता अमुक टक्के. दुसरी जिंकलो, तमुक टक्के. सखारामला हे टक्के फार आवडले. रिक्षात बसेल त्या गिऱ्हाइकाला तो ते ऐकवायचा, अगदी नाटे गावाला जाणारी एसटी पकडायला निघालेल्या म्हाताऱ्याला सुद्धा.

शेवटी असं ठरलं की सोनं-चांदी आपल्या आवाक्यात नाही, पण तिसऱ्या जागेची मॅच थायलंडशी आहे आणि ती जिंकली तर कांस्य. ऋत्विकने लॅपटॉप उघडून भरल्या ओटीवर सांगितलं.

"काका, पुढे गोल करणारी आपली एकच मुलगी आहे. बचावात दोघी बऱ्या. पण खरा संघ म्हणजे मनूताई. दहातले नऊ अडवते ती. ती आहे म्हणून साठ टक्के."

"आनि ती नसंल तर?" कोणीतरी उगीच विचारलं.

ऋत्विकने दोन बटणं दाबली. "नसेल तर दहा पण नाही."

"नसंल कशी?" सखाराम म्हणाला. "काय पण इचारतंस."

सगळे हसले. मी आत जाऊन चुलीपुढे बसले. लाकडं ओली नव्हती, तरी डोळ्यांना पाणी येत होतं.

कारण मी मॅच बघत होते ती वेगळीच. लोक चकतीकडे बघायचे, मी मनूकडे. आधीच्या मॅचमध्ये गोल झाल्यावर तिने एक हात मागे नेऊन गोलाचा खांब धरला आणि तशीच उभी राहिली. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, ती मन एकाग्र करते आहे. डोंबल एकाग्र. पोरीला गरगरत होतं. वाडीत वाफ्याजवळ तिने पपईच्या झाडाला असाच हात लावला होता.

तिसऱ्या जागेच्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा नीट दिसेना, दिवा बंद करून बसली होती. बापाशी बोलली, ऋत्विकशी बोलली. मग माझ्याशी बोलायला लागली आणि वाक्याच्या मध्येच थांबली.

"काय म्हणत होते मी?"

"आंब्याचं म्हणत होतीस."

"हां." पण पुढे काही आलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला दिसलं की ती शोधते आहे, सापडत नाही आणि ते मला कळू नये म्हणून हसते आहे. "झोपते आता. उद्या बघ माझी मॅच."

फोन ठेवल्यावर सखाराम म्हणाला, "टेन्शन आलं पोरीस. यायचंच." माझ्या जिभेवर आलं होतं. पण मला तिच्या डोक्यावर ठेवलेला माझा हात आठवला आणि मी जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने देवीला कौल लावायचं ठरवलं. ऋत्विकचे टक्के ऐकून लोकांचं समाधान झालं नव्हतं. साठ म्हणजे चाळीस राहिले की, असं म्हणणारे होतेच. आमच्याकडे लग्न असो, विहीर खणायची असो की दुबईला नोकरीला जायचं असो, वाघजाईला विचारल्याशिवाय पान हलत नाही. रामा गुरव देवीच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. रामाने पाकळ्या भिजवल्या आणि सगळ्यांकडे वळून बजावलं.

"सवाल नीट सांगा. देवी इचारलं तेवडंच सांगते. त्या वरच्या आळीनं इचारलं, हिरीस पानी लागंल काय. लागंल म्हनाली, लागलं. खारं लागलं. गोडं लागंल काय असं कुनी इचारलं व्हतं?"

मग सवालावर घासाघीस झाली. कोणी म्हणालं, भारत जिंकेल काय असं विचारा. दुसरा म्हणाला, भारत कशातही जिंकेल, क्रिकेट पण चालू आहे. पदक मिळेल काय म्हणावं, तर कोणतं पदक? ऋत्विक पुढे झाला आणि म्हणाला की सगळं मनूताईवर अवलंबून आहे, तर सवालात तेच घाला. पुरुषांना ते पटलं. मी बायकांमध्ये खांबाला टेकून उभी होते आणि माझ्या मनात सवाल तयार होता. पोर धड परत येईल काय. एवढाच. पण तो विचारायचा तर का विचारते तेही सांगावं लागलं असतं, आणि सबंध गावासमोर, देवीसमोर तिच्या डोक्यावरची शपथ मोडली असती. मी वाट बघत होते की दुसरं कोणीतरी म्हणेल. तिचा बाप म्हणेल. एखादी म्हातारी म्हणेल, अगो पोरीचं बरंवाईट पण विचारा. सगळं गाव सवालाला टाके घालत होतं, पण हे एक कोणाला सुचलं नाही.

रामाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवी वाघजाई, साती वाडींच्या मालकिनी, आज तुजी लेकरं तुज्या पायाशी हुबी ऱ्हायलीत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तुज्या गावची पोर परमुलकात गेलीय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ती आज गोलात हुबी ऱ्हायली तर देशास पदक गावंल असं आसंल तर उजवा कौल दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळे पाकळ्यांवर डोळे लावून उभे होते. पंखा सुद्धा बंद केला होता. पाकळ्या चिकटलेल्या राहिल्या, इतका वेळ की मला वाटलं देवीलाच प्रश्न पडला. मग उजवी पाकळी सुटली आणि पायाशी पडली.

पुरुषमाणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. सखाराम रडत होता. बायकांनी माझ्या कपाळाला हळदकुंकू फासलं आणि मी त्यांच्यात उभी राहून मनात म्हणत होते, आई, तुला दिसलं असेल ना गं, मग का नाही सांगितलंस. पण ती तरी काय करणार. तिला विचारलंच नव्हतं.

गर्दी पांगली तशी मी रामाला गाठलं. तो गाभाऱ्यात पाणी ओतत होता.

"रामा भावजी, आनखी एक सवाल लावाल काय?"

"कसला गो वैनी?"

"पोरगी सुखरूप येईल काय, एवडंच."

तो माझ्याकडे बघत राहिला. "का, काय झालंय तिला?"

मी खाली पडलेल्या उजव्या पाकळीकडे बघितलं.

"एका कामाचा दोनदा कौल मागू नये वैनी. देवीवर इस्वास न्हाय असं व्हतं. दिलेलं काडून घेते मंग." आणि वर समजूत घातली, "उजवा पडलाय. आता कसली काळजी करतंस?"

घरी आले तर सखारामने पाचशेची नोट हातात दिली. "रत्नागिरीस जा, पेढे आन. संध्याकाळी लोकांच्या हातावर काय ठेवायचं? माज्याच्यानं आज रिक्षा चालवली जानार न्हाय, सगळं ध्यान मॅचकडं." मी पिशवी घेतली आणि एसटीत बसले. खिडकीतून सगळीकडे आंब्याच्या पेट्या भरताना दिसत होत्या. प्रत्येक झाडाखाली मला बाबल्या पडलेला दिसत होता.

पेढ्यांच्या दुकानाकडे मी गेलेच नाही. राजिवड्याच्या मोहल्ल्यात गेले, मैमुनाकडे. बाजारात आम्ही वर्षानुवर्षं शेजारी बसलो, तिची सुकी मच्छी आणि माझे ओले काजूगर. तिचा रशीद त्याच शहरात ड्रायव्हर आहे जिथे स्पर्धा चालली होती. मनूच्या प्रत्येक मॅचला तो मालकाची गाडी कुठेतरी लावून, तिरंगा खांद्यावर टाकून हजर असायचा. तिला घरचं म्हणून आपल्या हाताने तांदळाच्या भाकऱ्या करून नेऊन दिल्या होत्या त्याने.

मैमुनाने माझं तोंड बघितलं आणि पंखा लावून मला खाली बसवलं. मी बोलले. पहिल्यांदा बोलले, आणि मी बोलत असताना तिने माझे दोन्ही हात आपल्या मांडीवर दाबून धरले. वाफा सांगितला, मीठ सांगितलं, शपथ सांगितली, बाबल्या तिला माहीत होता.

"शपथ मोडली तिच्या डोक्यावरची," मी म्हटलं. "आता सांगून झालं मैमुना. काय करू?"

"आता अर्धीच मोडलीस," ती म्हणाली. "मला सांगून कोनाचा काय फायदा नाय. मोडायचीच तर पुरी मोड."

"तिला काय झालं तर?"

"विमलाबाय, आमच्यात शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवू घालायचं, नाय जमलं तर तीन रोजे धरायचे. अल्लानं वाट ठेवलीय. तुमच्यात काय वाट हाय मला ठाव नाय. दुसरीच्या शपथेचे रोजे चालतात की नाय ते पण ठाव नाय. मी धरते. उद्यापासून धरते." आणि तिने फोन उचलून रशीदला लावला.

रशीदने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मावशी, नक्की ना? मी त्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन हे बोललो तर ते तिला उतरू देनार नाय. मग मॅच गेली समजा. दुसरी पोरगी बारीक हाय."

"गेली तर गेली."

"ती मला माफ नाय करनार."

"तुजं नाव सांगू नको. तिच्या आवशीनं सांगितलं म्हन."

त्याने गाडी सुरू केल्याचा आवाज आला. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. "जातो," तो म्हणाला. "आत्ताच जातो."

मैमुनाने चहा ठेवला. मी तो प्यायले की नाही मला आठवत नाही. परतताना मी पेढे घेतले. का घेतले विचारू नका. रिकाम्या हाताने घरी कसं जायचं ते कळेना म्हणून घेतले.

संध्याकाळी समाजमंदिर ओसंडून वाहत होतं. बारकी पोरं गालांवर तिरंगा काढून आली होती. रामा गुरव मान मिळून पहिल्या रांगेत, खुर्चीवर. सखारामने मला शेजारी बसायला बोलावलं, मी मागे भिंतीला टेकले. पडद्यावर दोन्ही संघ बर्फावर उतरले. आमची गोलकीपर गोलाकडे गेली आणि गोलासमोर उभी राहिली. तिच्या पाठीवर नाव दुसरंच होतं. सखाराम उभाच राहिला.

"ही कोन? मनू खय हाय?"

ऋत्विकने मोबाईलवर बघितलं. "ही रिगझिन आहे काका. मनूताई... थांबा. तब्येतीच्या कारणाने बाहेर, असं लिहिलंय."

"काल तर धड व्हती. बोलली माज्याशी."

मी उभी राहिले.  "तिच्या डोक्यास मार लागलाय. शिबिरात. तिनं लपवलं व्हतं. मी कळवलं तिकडं."

एवढी माणसं होती, पण फक्त टीव्हीवरचा माणूस बोलत होता. सखाराम माझ्याकडे वळला. मला वाटलं तो विचारेल, किती लागलंय. विचारलंही असतं, माणूस वाईट नाही तो. पण त्याच्या आधी रामा खुर्चीवरून बोलला, आणि तो तरी काय खोटं बोलला?

"वैनी, ती हुबी ऱ्हायली तर, असा कौल व्हता. देवीनं दिलं व्हतं. तू मोडलंस."

त्यानंतर कोणी माझ्याशी बोललं नाही.  मी पुन्हा भिंतीला टेकून खाली बसले आणि मॅच बघितली. बघावीच लागली.

पहिला गोल लवकर झाला. दुसरा त्याच्यामागोमाग. रिगझिन खाली पडायची, उठायची, पुन्हा पडायची. जाड गाद्या बांधलेल्या त्या कपड्यांत ती पोरगी हरवल्यासारखी दिसत होती. लोक तिला शिव्या घालत होते आणि माझ्याकडे न बघता मला ऐकवत होते. मी मनात मनूचं नाव घेत होते, मनू बसलीय, मनू कुठेतरी बसलीय, तिच्यावर आता कोणी काही मारत नाही. असं करता करता थायलंडच्या एकीने जवळून मारलं आणि चकती उसळून सरळ रिगझिनच्या मास्कवर बसली. ती मागच्या मागे पडली.

मी ओरडले. "थांबवा कोनीतरी. अगो थांबवा तिला."

सगळे वळून बघायला लागले. पडद्यावर ती पोरगी पाठीवर पडलेली, तिच्याभोवती मुली वाकलेल्या. मी माझ्या लेकीला तिथून काढलं होतं आणि ती जागा रिकामी राहणार नव्हती, हे मला आधी का सुचलं नाही? तिकडे लडाखात कुठल्यातरी घरात तिची आई अशीच टीव्हीपुढे बसलेली असेल. तिला कोणी विचारलं होतं, की आमची आत बसते, तुझी उभी करू का? मी तोंडात पदर कोंबला. रिगझिन उठून बसली. मग उभी राहिली. मास्क काढून तिने हाताने नाक पुसलं, मान हलवून काहीतरी बोलली आणि मास्क पुन्हा चढवला. ती हसलीसुद्धा. तसं हसणं मला ओळखता येत होतं.

पाच-एकने हरलो. शेवटची शिट्टी वाजण्याआधीच अर्धं समाजमंदिर रिकामं झालं होतं. पेढ्यांचा बॉक्स स्टेजच्या कडेला तसाच होता, दोरा न सोडलेला. सखाराम माझ्यापुढे थांबला आणि मग निघून गेला. ऋत्विकने टीव्हीची वायर काढली आणि मला विचारलं, "काकी, घरी सोडू?" मी नको म्हटलं.

घरी येऊन मी ओटीवर बसले. सखाराम आत पडला होता, दिवा न लावता. फोन माझ्या मांडीवर होता. रशीदला लावायची हिंमत होत नव्हती, मनूला लावायची त्याहून नव्हती. देवीसमोर उजवा पडलेला कौल मी पायाने सारला होता, लेकीच्या डोक्यावरची शपथ मोडली होती आणि दुसरीच्या लेकीला खांबांमध्ये उभं केलं होतं. हे सगळं एका दिवसात मी केलं, पेढे आणायला जाऊन. आता तिला काही झालं तर ते माझ्या शपथेने झालं असं होईल. काही झालं नाही तर मी उगीचच केलं असं होईल. कुठूनही बघितलं तरी सुटका नव्हती.

फोन वाजला. मनू. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज.

"आई, तू केलंस ना हे?"

"व्हय."

"तू शपथ घेतली होतीस."

"व्हय."

"माझ्या डोक्यावर हात ठेवून." ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोसलं असतं. "मला मॅचच्या आधी हॉस्पिटलला नेलं माहिती आहे? सगळ्या जणी तयार होत होत्या आणि मला त्या नळीत झोपवलं. डोक्याचे फोटो काढले. रिगझिनला मी सांगू पण शकले नाही कोणाला कसं अडवायचं ते."

"रिगझिन बरी हाय ना? तिला लागलं."

"तिचं नाव घेऊ नकोस तू." मग ती एकेक शब्द मोजून बोलली, मला तो टोचावा म्हणून. "रिपोर्ट आलाय आई. ऐक. काही नाही निघालं. रक्त नाही, सूज नाही, काही नाही. साफ आहे. डॉक्टर म्हणतात, धक्का बसलेला असेल, तो फोटोत दिसत नाही. असेल म्हणे. असेल. ऐकलंस ना? मी उभी राहू शकले असते. पदक आलं असतं. काहीही नव्हतं माझ्या डोक्यात."

मी उठून उभी राहिले होते, कधी ते कळलं नाही. आतून सखाराम दारापर्यंत आला होता आणि चौकट धरून ऐकत होता. मला त्याला हाताने जवळ बोलावायचं होतं, पण दोन्ही हातांनी मी फोन धरला होता.

"परत सांग," मी म्हटलं.

"काय?"

"रिपोर्टात काय आलं, ते परत सांग."

 ती म्हणाली, "आई, तू काय केलंस ते तुला कळतंय का?"

"कळतंय गो," मी म्हटलं. "परत एकदा सांग. बाबांस पन ऐकू दे."